एका पायाचा मोर

“अण्णा, मोराला एकच पाय?”

“दुसरा दुमडलाय.”

“का?”

“झोपलाय तो. झोपताना दुमडतात.”

“डोळा तर उघडा आहे.”

अण्णांनी ब्रश पाण्यात बुडवला, चिंधीला पुसला, पण माझ्याकडे बघितलं नाही. “तुला फार प्रश्न पडतात,” ते म्हणाले. “जा, खळ झाली का बघून ये.”

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिथून तिला सगळं ऐकू येत असणार, पण तिची मान खालीच होती. “केव्हाच झालीय,” ती म्हणाली. “वाटीत काढून ठेवलीय. सांडू नकोस.”

बाहुलीच्या घराचं ते शेवटचं काम होतं, आतल्या खोलीची भिंत. बाकी सगळं घर तयार होतं. प्लायवूड मशिनरीच्या खोक्याचं, खिडक्यांना दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे, आणि छप्पर असं की दोन्ही हातांनी उचललं की आतल्या सगळ्या खोल्या वरून दिसाव्यात. पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं घर होतं. फक्त ते माझं आहे असं सगळ्यांना सांगायचं होतं.

आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. सगळे क्वार्टर एका साच्यातले. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. भिंतीसुद्धा एकसारख्या. काही वर्षांनी कारखान्याचे रंगारी यायचे, कमरेपर्यंत पिस्ता आणि वर पांढरा रंग फासायचे, मधे तपकिरी पट्टी ओढायचे आणि पुढच्या दाराला जायचे. आपण आपल्या घरात आहोत की शेजाऱ्यांच्या हे कळायला कॅलेंडर बघावं लागतं, असं आई म्हणायची. तेही खरं नव्हतं. कॅलेंडर सगळ्यांकडे कारखान्याचंच असायचं.

अण्णा ड्रॉइंग ऑफिसात होते. दातेरी चाकं, रोलर, पंप यांची चित्रं काढायचं काम. त्यांचा हात विलक्षण होता आणि डोकं अगदी सरळ. एकदा पाहिलेली कुठलीही वस्तू ते हुबेहूब काढायचे. मनानं काही काढा म्हटलं की मात्र हात अडायचा. मी पहिलीत असताना त्यांच्याकडे राक्षस काढून मागितला होता. बराच वेळ पेन्सिल धरून बसले आणि शेवटी मला बॉयलर काढून दिला.

ऊस तोडणीला अवकाश होता, कारखाना बंद होता, आणि वसाहतीच्या गणपतीत मुलांसाठी हस्तकलेची स्पर्धा होती. वस्तू मुलांनी स्वतःच्या हातानं केलेली असावी अशी अट होती. अण्णांनी ती वाचली आणि तिसऱ्या दिवशी प्लायवूड घेऊन आले.

सुरुवातीला माझ्या वाट्याला स्वयंपाकघराची भिंत आली होती. मी पिस्ता रंगवला, पांढरा रंगवला, जीभ बाहेर काढून तपकिरी पट्टीही ओढली. ती एका टोकाला जरा वर गेली. संध्याकाळी खेळून आले तर पट्टी सरळ झालेली.

“अहो, ती भिंत तिची होती,” आई म्हणाली.

“वाकडी होती,” अण्णा म्हणाले.

मग मी स्वयंपाकघरातल्या फळीला कागदाची झालर कातरली. नखाएवढे कोन, प्रत्येकाला मधे भोक. तेवढी राहिली माझी. अण्णांनी ती चष्मा लावून पाहिली आणि काही न बोलता चिकटवली, म्हणजे पास झाली.

पुढची खोली तर आमचीच होती. तेच कॅलेंडर, भाद्रपदाचं पान वर. तेच घड्याळ, आजोबांचा फोटो, फोटोला हार. आतल्या खोलीपाशी मात्र अण्णांनी पिस्ता बाजूला ठेवला आणि निळा कालवला. मी म्हटलं, “आपल्याकडे निळा कुठे आहे?” ते म्हणाले, “बाहुलीला आवडतो.” मग निळ्यावर जाईचा वेल आला, पांढऱ्या ठिपक्यांची फुलं आली, आणि छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा मोर आला. पिसारा एका बाजूला जास्त फुगलेला, दुसऱ्या बाजूला आवळलेला. रंगवताना अण्णा गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी आईला हाताला धरून आणली. “आई, बघ! अण्णांनी मनानं काढलं!”

आईच्या हातात तांदळाचं ताट तसंच होतं. तिनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“मनानं काढलंय होय?” ती म्हणाली आणि परत उंबऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझी उजळणी घेतली.

“कुणी केलं?”

“मी एकटीनं.”

“अण्णांनी काय केलं?”

“प्लायवूड कापून दिलं.”

“आणि रंग?”

“रंग मी दिले.”

“बास. जास्त बोलायचं नाही. विचारतील तेवढंच.”

आई आतून म्हणाली, “आणि बक्षीस मिळालं तर कुणाच्या हातात द्यायचं म्हणे?” अण्णा हसले. मीही हसले. पण रंग मी दिले म्हणताना माझे कान तापायचे, ते उजळणीनं कमी झाले नाहीत.

क्लबच्या हॉलमध्ये बाकं ओळीनं मांडली होती. थर्माकोलचं देऊळ, शिंपल्यांचा गणपती, काडेपेट्यांची बैलगाडी आणि मधोमध आमचं घर. गौरीजेवणं आटोपून बायका नव्या साड्यांत आल्या होत्या. पुरुषमंडळी दाराशी, लाउडस्पीकरच्या टेबलापाशी उभी होती. अण्णा त्यांच्यात होते, हाताची घडी घालून, इकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत.

परीक्षक होत्या गोडखिंडीबाई, चीफ केमिस्टांच्या पत्नी. हौशी बाई. त्यांनी स्वतःच घराचं छप्पर उचललं आणि “अगं बाई!” म्हणाल्या. बायका भोवती गोळा झाल्या.

“पट्टीसुद्धा! अगदी आपल्या भिंती. आणि ही झालर कुणी कातरली?”

“मी,” मी मोठ्यानं म्हटलं. ते खरं होतं.

“आणि रंग?”

“मीच दिले.”

“एकटीनं?”

“अण्णांनी प्लायवूड कापून दिलं.”

गोडखिंडीबाई माझ्याकडे पाहून हसल्या. त्या काही खुळ्या नव्हत्या. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाची मुलगी म्हटल्यावर काय ते त्यांना कळलंच असणार. पण गणपतीचे दिवस होते आणि निम्म्या बाकांवर बापांचीच कला मांडलेली होती. “आणि हा मोर?” त्यांनी विचारलं. “हा कुठून सुचला तुला?”

“मनानं काढला.”

“सुरेख आहे हो. पाय एकच का पण?”

“दुसरा दुमडलाय. झोपलाय तो.”

“नाही काही!” कुणीतरी खालून ओरडलं. “दुसरा पडला!”

बायकांच्या पदरांमधून छबू वर आली. छबू म्हणजे दवाखान्यातल्या कुंभोजकर सिस्टरांची मुलगी, पहिलीत होती. सिस्टर तिला घेऊन शेवटच्या ओळीत, ओढ्याच्या बाजूला राहायच्या. नवरा मिलिटरीत, वर्षाकाठी एकदा येणारा. सिस्टर गोड बोलायच्या, हात हलका होता, पण घरात कुणाला घ्यायच्या नाहीत. सुई टोचायची ती व्हरांड्यात, पाणी विचारायचं तेही व्हरांड्यात.

छबू टाचा उंच करून घरात डोकावली. “हा आमचा मोर आहे,” ती म्हणाली. “आमच्या झोपायच्या खोलीतला. पावसात भिंतीला ओल आली ना, ती मोरासारखी दिसत होती. मग आईनं त्याचा मोरच काढला. मग तिथला पोपडा पडला आणि एक पाय गेला.”

बायका हसल्या. लहान मुलीच्या बोलण्याला हसतात तशा. मग एकेकीचं हसू थांबलं.

“आत्ता गं बया,” शेळक्यांची आक्का म्हणाली. ती आमच्या समोरच्या क्वार्टरमधली. “सिस्टरच्या झोपायच्या खोलीत कवा कोन गेलंय? आमाला तर व्हरांड्यातनंच लावून देती. वेल बी तसाच हाय का गं छबे?”

“तस्साच. निळी भिंत पण.”

सिस्टर पलीकडे भिंतीला टेकून उभ्या होत्या. पांढरी साडी, दवाखान्यातून तशाच आलेल्या. मी आईकडे पाहिलं. आई सिस्टरांकडे पाहत नव्हती, अण्णांकडेही पाहत नव्हती. ती माझ्या झालरीकडे पाहत होती.

“तुला कुणी दाखवला गं आमचा मोर?” छबूनं मला विचारलं. मग तिला काहीतरी आठवलं असावं. ती वळली, पुरुषांच्या बाजूला पाहिलं आणि तिचं तोंड एकदम फुललं. तिच्या हातात पेन्सिल होती. लाल-काळ्या पट्ट्यांची, ड्रॉइंग ऑफिसची. तसली पेन्सिल मी जन्मभर मागितली होती आणि ऑफिसचं सामान घरी आणत नाहीत म्हणून मला कधी मिळाली नव्हती. छबूनं ती पेन्सिल दाराच्या दिशेनं वर केली.

“हां! ते...”

“मी बघितला!” मी ओरडले.

अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं असं म्हणतात. मलाही बाकीचं काही कळलं नव्हतं. ती पेन्सिल आणखी वर जाता कामा नये, एवढंच कळलं होतं.

“तू बघितलास?” गोडखिंडीबाई म्हणाल्या. “कधी?”

“एकदा. मी त्यांच्या घरात गेले होते.”

“कुणाबरोबर?”

“एकटी. घरात कुणी नव्हतं. मागच्या दारानं.”

“न विचारता?”

“हो.”

हॉलमध्ये लाउडस्पीकरवर आरती लागली होती, ती कुणीतरी बंद केली. आक्का माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. “पोरीची जात अन् दुसऱ्याच्या घरात शिरतीस? कशाला गेलीस गं? काय उचलाय गेलीस?”

“काही नाही. बघायला.”

“मगाशी तर मनानं काढला म्हनलीस.”

उजळणीत हे नव्हतं. मी दाराकडे पाहिलं. अण्णा तिथंच होते. हाताची घडी तशीच, नजर जमिनीकडे. मला वाटलं, आता येतील. येऊन म्हणतील, मुलगी आहे हो, जाऊ द्या. काहीही म्हणतील. ते एक पाऊलही पुढे आले नाहीत.

“सिस्टर,” गोडखिंडीबाई हळूच म्हणाल्या, “आली होती का ही?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “आली असेल,” त्या म्हणाल्या. “माझं मागचं दार पुष्कळदा उघडंच राहतं.”

मग आई पुढे आली आणि तिनं मला मारलं. सगळ्यांच्या देखत, गालावर, पूर्ण हात उगारून. त्याआधी तिनं मला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. माझी रिबीन सुटून खांद्यावर आली.

“हे शिकवलं का तुला?” ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. “लोकांच्या घरात शिरायला शिकवलं? लाज नाही वाटत?”

वाटत होती. पायाच्या अंगठ्यापासून कानापर्यंत वाटत होती. मी जे केलं नव्हतं त्याची वाटत होती, आणि ती खरोखर केल्यापेक्षा काही कमी नव्हती. माझ्या वर्गातल्या मुली होत्या तिथं. शिंपल्यांचा गणपती केलेली मुलगी आपल्या गणपतीवर हात ठेवून उभी होती.

तो एक आवाज झाला आणि सगळं बदललं. बायका एकदम मोकळ्या झाल्या. “असू द्या वो, ल्हान हाय,” आक्काच म्हणाली. “पोरं करत्यात.” दुसरीनं मला जवळ ओढलं, रिबीन बांधून दिली. गोडखिंडीबाई म्हणाल्या, “इतकं मारायचं नाही हो मुलीच्या जातीला.” छबूच्या पेन्सिलीकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. सिस्टर तिला कडेवर घेऊन मागच्या दारानं निघून गेल्या.

आईनं घराचं छप्पर उचलून जागेवर बसवलं. “रंग ओला आहे अजून,” ती गोडखिंडीबाईंना म्हणाली. “कुणाच्या नव्या साडीला लागायचा. घेऊन जाते आणि उद्या सकाळी आणून ठेवते.”

रंग ओला नव्हता. ते घर आम्ही दोघींनी मिळून उचललं, एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, आणि दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांमधून बाहेर नेलं. त्यांच्यात अण्णा नव्हते. ते आमच्या आधीच निघून गेले होते.

घरी आलो तेव्हा ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. चपला पायातच.

“ते इकडे दे,” ते म्हणाले. “फोडून बंबात घालतो.”

“घाला,” आई म्हणाली. “म्हणजे का घातलं ते उद्या सगळ्या वसाहतीला कळेल.”

अण्णा खुर्चीवरच बसून राहिले. आईनं घर जमिनीवर ठेवलं, छप्पर काढलं आणि समोर मांडी घालून बसली. “काळा रंग कुठला?” तिनं विचारलं. अण्णांनी बोटानं दाखवला. रांगोळीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं वसाहतीत, पण ब्रश तिनं कधी हातात घेतला नव्हता. खूप दाबून धरला तिनं. कोपऱ्यात हात घालून, श्वास रोखून, तिनं मोराला दुसरा पाय काढला.

तो जाड आला. कोंबडीच्या पायासारखा आला, आणि पहिल्यापेक्षा आखूड. अण्णा नकळत पुढे वाकले. वाकडी रेघ त्यांना बघवत नसे.

“मी नीट करतो...”

“तुम्ही हात लावू नका.”

तिनं हे ओरडून म्हटलं नाही. अण्णांचा हात तिथंच थांबला आणि मग मागे गेला.

तिनं मला जवळबिवळ घेतलं नाही. तिचा तसा स्वभावच नव्हता. ताट वाढलं, गौरीच्या नैवेद्यातली उरलेली पुरणपोळी गरम केली, तिच्यावर तूप घातलं. मी खात असताना समोर बसून राहिली.

“छबूशी खेळायला गेले होते म्हणायचं,” ती एकदम म्हणाली. “चोरून गेले कशाला म्हणालीस?”

“छबू नाही म्हणाली असती.”

आईनं थोडा विचार केला. “तेही खरं,” ती म्हणाली आणि आणखी एक पळी तूप माझ्या पानात घातलं.

मला तेव्हा कळलं की तिला माहीत आहे. आणि मलाही माहीत आहे हे तिला माहीत आहे. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो होतो, आणि पलीकडच्या खोलीत खुर्ची करकरत होती.

सकाळी तिनं अण्णांना घर उचलायला लावलं. त्यांनी सायकल काढली, तर ती म्हणाली, “सायकलवर नको. रंग पुसेल. हातात न्या. आणि हिला बरोबर न्या.”

दिवस चांगला वर आला होता. नळावर बायका होत्या, व्हरांड्यांतून पोरं होती. अण्णा दोन्ही हातांत ते घर धरून सगळ्या ओळींसमोरून चालले आणि मी त्यांच्या मागे, हुळहुळणारा गाल घेऊन. आक्का अंगण झाडत होती. ती खराटा धरून उभी राहिली.

“काय वो, डागडुजी केली काय?”

“हो,” अण्णा म्हणाले. “मोराचा एक पाय राहिला होता.”

“असं व्हय. मग ते सिस्टरच्या मोरावानी न्हाई म्हना.”

“नाही,” अण्णा म्हणाले. “तसा नाही.”

क्लबच्या वळणावर कुणी नव्हतं. तिथं ते थांबले. घर छातीशी धरलेलं, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

“वैजू, फार लागलं का गं?”

“नाही.”

“खोटं बोलतेस.”

तुम्हीच शिकवलंत, हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण आतली छोटी खुर्ची एक्स-रेच्या खिडकीवर टकटक आपटत होती. मी पुढे चालू लागले.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कंपासपेटी. नाव पुकारलं तेव्हा मी मान खाली घालून गेले आणि मान खाली घालून आले. टाळ्या छबूनं वाजवल्या, मनापासून. दिवाळीनंतर सिस्टर बदली घेऊन दुसरीकडे गेल्या आणि शेवटच्या ओळीतला तो क्वार्टर रंगाऱ्यांनी पुन्हा पिस्ता करून टाकला. माझं नाव मात्र तसं पुसलं गेलं नाही. “वैजी आली, मागचं दार लावा गं,” असं मुली म्हणायच्या, आधी खरंच आणि मग थट्टेनं. थट्टा जास्त दिवस टिकली. मॅट्रिक होऊन वसाहत सोडेपर्यंत मी कुणाच्या घरात हाक मारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. अजूनही टाकत नाही.

चोर म्हटल्याची लाज हळूहळू गेली. अण्णा दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले, ती गेली नाही. ती लाज त्यांची होती, पण त्यांनी ती उचलली नाही म्हणून माझ्याकडे राहिली. घरात त्यांनी पुन्हा कधी काही काढलं नाही. माझ्या जीवशास्त्राच्या आकृत्या मी स्वतः काढल्या, बेडूक बटाट्यासारखा. आई त्यांच्याशी बोलायची, डबा द्यायची, आजारपणं काढायची. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कधी कुणी शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी आम्ही सांगलीचं घर रंगवायला काढलं. भिंती मोकळ्या करायच्या म्हणून माळ्यावरचं सामान खाली घेतलं आणि एका चादरीत गुंडाळलेलं ते घर निघालं. मला वाटलं होतं ते केव्हाच गेलं असेल. आईनं जपून ठेवलं होतं.

अण्णांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मला ते ताई म्हणतात, कधी बाई म्हणतात. आईला काही म्हणत नाहीत, पण ती दिसली नाही की बेचैन होतात. ते खाटेवर बसले होते, आई त्यांना मऊ भात भरवत होती. मी घर त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि छप्पर उचललं. झालर पिवळी पडली होती, पण एकही कोन तुटला नव्हता.

अण्णा पुढे वाकले. त्यांचं बोट भिंतींवरून फिरलं. तपकिरी पट्टी, कॅलेंडर, आजोबांचा फोटो. बोट आतल्या खोलीत गेलं आणि निळ्या भिंतीवर थांबलं.

“हे घर कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“आपलंच,” आई म्हणाली. “घास घ्या.”

“आपलं नाही.” त्यांचं बोट कोपऱ्यात गेलं. कपाळावर आठी आली, ड्रॉइंगमधली चूक सापडल्यावर यायची तीच. “ह्याला दोन पाय कुणी काढले? एकच होता. मी पाहिलाय.”

माझा हात छपरावरच राहिला. इतकी वर्षं कुणी न उच्चारलेलं ते, आमची नावंसुद्धा विसरून गेलेल्या माणसानं भाताचा घास तोंडात असताना सांगून टाकलं होतं. तो मोर मात्र त्यांना जसाच्या तसा आठवत होता.

आईनं त्यांच्या हनुवटीवरचं शीत पुसलं. तिचा चेहरा बदलला नाही.

“दोनच होते,” ती म्हणाली. “दुसरा दुमडला होता. झोपला होता ना तो.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना पटलं असावं. त्यांनी तोंड उघडलं आणि तिनं घास भरवला.

म्हणजे उंबऱ्यात तांदूळ निवडताना तिनं सगळं ऐकलं होतं. मी मान खाली घालून छप्पर परत बसवलं.